असंतोष आणि उत्कर्ष

वाचकहो, 'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पूर्वीच्या भरभराटलेल्या पेठा आणि अलीकडच्या काळातील पोलादी सळयांचे कारखाने व बियाण्यांच्या कंपन्या ह्यांच्याकडे पाहिले, तर ती म्हण अगदीच खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु १ मे १९८१ रोजी ज्या जिल्ह्याला ह्या नगराचे नाव मिळाले, त्याच जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी, मंठा अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळी होताच माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पहाटेपासून फडात राबतात; दोघांचा मिळून हिशेबात एकच 'कोयता' मोजला जातो; आणि मुलाची शाळा वर्षाच्या मध्यावर तुटते. सोन्याचा पाळणा ह्या घरांत कधी हललेला नाही.

अशा घरातला एखादा तरुण जेव्हा म्हणतो, "हे जिणे मला मान्य नाही," तेव्हा त्याला दोन प्रकारचे उपदेशक भेटतात. पहिला म्हणतो, 'नशिबी आले ते गोड मानून घ्यावे, आपल्यापेक्षा खाली असलेल्याकडे पाहावे आणि शांत असावे.' दुसरा उपदेशक नव्या काळातला आहे. तो व्यासपीठावरून अथवा हातातल्या मोबाइलच्या पडद्यावरून सांगतो, 'तुझी इच्छा पुरेशी तीव्र असेल तर जगात तुला अशक्य असे काहीच नाही.' पहिल्याचा उपदेश ऐकणारा जागचा हलत नाही. दुसऱ्याचा उपदेश ऐकणारा धावतो. परंतु पडला की आपलीच इच्छा कमी पडली असे समजून स्वतःला दोष देत बसतो. दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे. ज्या व्यवस्थेमुळे त्या तरुणाचे जिणे असे झाले, तिच्याकडे त्याने बोट दाखवू नये, असे दोघांनाही वाटते.

ह्या दोन्ही उपदेशांहून आमचे मत भिन्न आहे. जीवनाविषयीचा असंतोष हे पाप नव्हे. खाली ढकललेल्या माणसाचे ते पहिले भांडवल होय. मात्र ते नुसते भांडवल आहे, नफा नव्हे. चुलीतला विस्तव अन्न शिजवितो आणि छपराला लागलेला तोच विस्तव घर जाळतो. तद्वतच असंतोषाचे आहे. त्याला योग्य विषय, अखंड प्रयत्न आणि समाजाने उघडी ठेवलेली वाट ह्या तीन गोष्टी मिळाल्या, तरच त्यातून माणसाचा उत्कर्ष होतो. ह्या तिन्हींचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

संतोषाचा उपदेश ह्या देशात कोणास केला गेला, हे प्रथम पाहावे. ज्याच्या कोठारात धान्य आहे, त्याला कोणी संतुष्ट राहा म्हणून सांगावयास गेले नाही. हा उपदेश गावकुसाबाहेरच्या माणसाला केला गेला. पूर्वजन्मीच्या कर्माने ही जात मिळाली, ह्या जन्मी निमूटपणे सेवा केली तर पुढचा जन्म बरा मिळेल, असे त्याला शतकानुशतके शिकविण्यात आले. ह्या शिकवणुकीचे सामर्थ्य असे की, ती अंगी मुरली म्हणजे पहारेकरी ठेवण्याची गरज उरत नाही. माणूस स्वतःच स्वतःचा पहारा करू लागतो. शिळी भाकरी मिळाली तरी तो उपकार मानतो, आणि मुलाने पाटी मागितली तर त्यालाच रागावतो. अशा माणसाच्या मनात 'हे असेच का?' हा प्रश्न ज्या दिवशी उठतो, त्या दिवशी त्याच्या उत्कर्षाचा आरंभ होतो. म्हणून असंतोषाची निंदा करणारास आम्ही एवढेच विचारतो, की तुमच्या संतोषाचा लाभ नेमका कोणाच्या पदरी पडतो?

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की भगवान बुद्धांनी तर तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले आणि संतुष्टीचा गौरव केला. मग बौद्ध म्हणविणाऱ्यांनी असंतोषाची थोरवी गावी हे कसे? ह्या आक्षेपाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात देऊन ठेविले आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट केले, की संतुष्टी म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकविणे नव्हे. लोभाच्या आहारी न जाणे एवढाच तिचा अर्थ आहे. पीडिताने आपली स्थिती बदलण्याचा यत्न करू नये, असे बुद्धांनी कोठेही सांगितलेले नाही. अंगुत्तर निकायाच्या दुक निपातात तर तथागतांनी याहून पुढे जाऊन आपला स्वतःचा अनुभव सांगितला आहे. दोन गोष्टींचे मोल आपणास कळले, असे ते भिक्खूंना सांगतात: कुशल गुणांच्या बाबतीत कधीही संतुष्ट न राहणे, ही एक, आणि प्रयत्नांतून माघार न घेणे, ही दुसरी. आजच्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या शिलालेखांत भोगवर्धनाच्या दात्यांचा उल्लेख सापडतो. अर्थात जालन्याच्या मातीला हा विचार परका नाही. अन्न, वस्त्र, डामडौल ह्यांविषयी संतोष आणि विद्या, शील, प्रज्ञा ह्यांविषयी असंतोष, अशी ही विभागणी आहे. आपण बहुतेकजण नेमके ह्याच्या उलट वागतो, आणि मग असंतोषाने काही साधत नाही म्हणून तक्रार करतो.

ही विभागणी एका माणसाच्या आयुष्यात कशी दिसली, ते पाहा. १९१७ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. बडोदे नरेशांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या ह्या विद्वानाला त्या शहरात राहण्यास जागा मिळेना. अखेरीस एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेल्या जमावाने येऊन त्यांना तेथूनही बाहेर काढले. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे. एवढी विद्या मिळवूनही माणसाला स्वतःच्या नावाने एक खोली मिळू नये, ह्याहून अधिक असंतोषाचे कारण कोणते असू शकेल? त्या दिवशी त्यांनी सर्व जगाचा द्वेष केला असता, तर त्यांना कोण दोष देऊ शकले असते?

परंतु त्यांनी त्या असंतोषाचे काय केले, हे महत्त्वाचे आहे. १९१८ साली त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. दरमहा ४५० रुपये वेतन होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दारिद्र्यात वाढलेल्या माणसाने येथे थांबून सुखाचा श्वास घेतला असता, तर तेही स्वाभाविकच ठरले असते. पण लंडनमधील अपुरा राहिलेला अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राचे कर्ज घेऊन, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम्. एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहावयास सांगितला. तोही त्यांनी पुन्हा लिहिला, आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळविली. त्याच सुमारास ते बॅरिस्टरही झाले. पारशी वसतिगृहातून हाकलले गेले म्हणून त्यांनी पारशी मित्राचा हात झिडकारला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अपमानाचा असंतोष त्यांनी माणसांवर ओतला नाही. तो अभ्यासात घातला, आणि त्या अभ्यासाचे पुढे काय झाले, हे ह्या देशाची राज्यघटना सांगते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जालना जिल्ह्यातील शेलगावच्या एका ऑटोरिक्षाचालकाचा मुलगा, अन्सार शेख, २०१५ सालच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाला. मे २०१६ मध्ये निकाल लागला, तेव्हा त्याचे वय अवघे २१ वर्षांचे होते आणि निवडलेल्या १०७८ उमेदवारांत त्याचा क्रमांक ३६१ वा होता. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात शिकावयास गेलेल्या ह्या मुलाला मुसलमान म्हणून राहण्यास जागा मिळेना, तेव्हा त्याने आपल्या मित्राचे 'शुभम' हे नाव सांगून जागा मिळविली. निकालानंतर, आता आपणास आपले नाव लपवावे लागणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने वृत्तपत्रांशी बोलताना काढले होते. वाचकहो, बडोद्याची ती खोली आणि पुण्याची ही खोली ह्यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली. राज्य बदलले, घटना आली, अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. परंतु नाव ऐकून दार लावून घेण्याची खोड गेली नाही. जात निराळी, धर्म निराळा. अनुभव मात्र एक. आणि त्या अनुभवाला दिलेले उत्तरही एकच, अभ्यास.

येथेच दुसऱ्या उपदेशकाला, म्हणजे केवळ इच्छाशक्तीचा गौरव करणाऱ्याला, आम्ही थांबवू इच्छितो. शेलगावच्या त्या मुलाला शाळेतून काढावे असा सल्ला नातेवाइकांनी दिला असता, शिक्षकाने वडिलांची समजूत घालून तो टाळला. त्याचा भाऊ शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला, त्या कमाईचा आधार ह्याच्या शिक्षणाला मिळाला. म्हणजे एका मुलाचा उत्कर्ष दुसऱ्या मुलाच्या शाळेच्या मोलाने झाला. ह्यात त्या कुटुंबाचा दोष नाही. उलट त्याचा त्याग वंदनीय आहे. परंतु ज्या समाजात दोन भावांपैकी एकालाच शिकता येते, त्या समाजाने त्या एकाच्या यशाचे ढोल वाजवून समाधान मानावे काय? बाबासाहेबांच्या असंतोषालाही बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर तो कोणत्या दिशेने गेला असता? असंतोष माणसाच्या अंगी असतो. शिडी मात्र समाजाला लावावी लागते.

ही शिडी मराठवाड्यात कोणी लावली, हे जालन्याच्या तरुणांनी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी खेड्यातल्या गरीब मुलाला वरचे शिक्षण म्हणजे डोंगरापलीकडची गोष्ट होती. अशा प्रांतात, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव देण्यात आले. ते का दिले, हे जाणण्यासारखे आहे. मिलिंद हा ग्रीक राजा. तो विद्वानांना प्रश्न विचारीत असे आणि कोणाच्याही उत्तराने त्याचे समाधान होत नसे. नागसेन भिक्खूंची भेट झाल्यावर मात्र त्याने वाद केला आणि पटल्यावर आपली हार प्रामाणिकपणे मान्य केली. समाधान न होणारी बुद्धी आणि पटलेले मान्य करण्याचा प्रामाणिकपणा, हे दोन गुण त्या नावात आहेत. ज्या मुलांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या विद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव मिळाले. अशा विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे प्रश्न विचारले, लिहिले, आणि मराठी साहित्याला त्या लिखाणाची दखल घ्यावी लागली.

आज शिडीच्या पायऱ्या कागदावर बऱ्याच आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्याचाही समावेश होता. परंतु शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष संपल्यावर हाती आला, तर ज्याला खानावळीचे पैसे महिन्याच्या एक तारखेस द्यावयाचे आहेत, त्याला तिचा उपयोग काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांहून अधिक असताना जालना जिल्ह्याची सुमारे ७१ टक्केच होती. ह्या अकरा टक्क्यांच्या खाईत किती असंतोष निष्फळ पडून राहिला असेल, ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तेव्हा मिळालेल्या योजनेवर संतुष्ट न राहता ती वेळेवर मिळावी म्हणून अर्ज, पाठपुरावा आणि प्रसंगी आंदोलन करणे, हेही असंतोषाचेच विधायक रूप होय.

आमच्या समाजाने हा धडा एकदा सामुदायिक रीत्याही गिरविला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास जी घोषणा झाली, तिची पूर्तता १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाली. मधली एकवीस वर्षे बाबासाहेबांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास करण्यात घालविली. क्षणिक संतापाने उचललेले ते पाऊल नव्हते. ज्यांनी दीक्षा घेतली त्यांना ऐहिक लाभ झाला असेही नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्यापुरत्या सवलती पुढे चालू ठेवल्या, परंतु केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. चौतीस वर्षे हा तोटा ज्यांनी सोसला, त्यांचा असंतोष भाकरीपुरता नव्हता. त्यांना माणूस म्हणून जगावयाचे होते. त्याचे फळ पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांहून अधिक होती, आणि देशाची सरासरी सुमारे ७३ टक्के. ह्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक महाराष्ट्रात राहतात आणि महाराष्ट्राची सरासरीही उंच आहे, हे आम्ही लपवीत नाही. तथापि ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागे, ते दोन-तीन पिढ्यांत सर्वांच्या बरोबरीस येऊन उभे राहिले, ही गोष्ट लहान नाही.

संतोषाचा उपदेश सर्वांत अधिक कोणास केला जात असेल, तर तो मुलींना. फडावर जाताना पोर मागे ठेवण्याची भीती, म्हणून तिचे लग्न लवकर उरकून टाकावयाचे, आणि तिने हूं की चूं करावयाचे नाही. वास्तविक आमच्या असंतोषाला मराठीत पहिली युक्तिवादाची भाषा दिली ती एका मुलीनेच. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ती अवघी चौदा वर्षांच्या आसपासची. तिने रडगाणे गायिले नाही. शास्त्रांना प्रश्न विचारले. दुःख शब्दांत मांडता येणे, ही सुद्धा उत्कर्षाची एक पायरी आहे. ज्या घरातील मुलगी आपले गाऱ्हाणे लिहू शकते, त्या घराला फसविणे मुकादमाला आणि सावकाराला अवघड जाते.

आता असंतोषाच्या खोट्या रूपांविषयी चार शब्द कठोरपणे सांगणे प्राप्त आहे. शेजाऱ्याने मोटारसायकल घेतली म्हणून कर्ज काढून आपणही घेणे, पाहुण्यांत नाक वर राहावे म्हणून लग्नात दोन वर्षांची कमाई उडविणे, आणि मग कर्जाच्या चिंतेने दारूच्या गुत्त्याकडे वळणे, ह्यालाही लोक असंतोषच म्हणतात. तो असंतोष नव्हे, तो मत्सर आहे; त्याने माणूस वर जात नाही, फक्त आणखी खोल रुततो. आमच्यापैकी काहींना असे वाटते, की व्यवस्थेला शिव्या दिल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले. व्यवस्था दोषी आहे, हे आम्ही वर स्पष्टपणे सांगितलेच आहे. परंतु गावच्या ग्रंथालयातले पुस्तक न उघडण्याचा दोष व्यवस्थेच्या माथी मारता येणार नाही.

उत्कर्ष म्हणजे केवळ मोठ्या हुद्द्याची नोकरी, हाही एक भ्रम आहे. स्पर्धापरीक्षेस दरवर्षी लाखो मुले बसतात आणि जागा हजाराच्या आसपास असतात. निवड न झालेल्यांचा असंतोष आणि कष्ट वाया गेले असे ज्याला वाटते, त्याने उत्कर्षाचा अर्थच चुकीचा धरला आहे. खुद्द जालन्याचे उदाहरण घ्या. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी हाती असलेल्या बियाण्यावर समाधान न मानता १९६४ साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ते ऊसतोड कामगाराच्या घरातले नव्हते, हे खरे. तरीही बियाण्याविषयीचा असंतोष एका गावाचा व्यवसाय बदलू शकतो, हे त्यातून दिसते. सळईच्या कारखान्यातला कामगार यंत्राचे ज्ञान मिळवून कुशल कारागीर झाला, मोसंबीच्या बागेत राबणाऱ्याने पाण्याचे गणित शिकून घेतले, किंवा अंगठा उठविणाऱ्या बाईला मुकादमाची वही वाचता येऊ लागली, तर तोही उत्कर्षच आहे. कालच्या स्वतःपेक्षा आज अधिक जाणणे, अधिक करू शकणे आणि कमी फसविले जाणे, हे त्याचे माप.

सर्वांत मोठा धोका मात्र यशानंतर येतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा बोलून दाखविली, की शिकलेल्या लोकांनी आपणास दगा दिला. शिकून ते समाजाची सेवा करतील ही अपेक्षा होती, पण ते आपले पोट भरण्यात गुंतले. हे शब्द ऐकून आजही ज्यांच्या मनाला टोचणी लागते, अशी माणसे किती आहेत? नोकरी मिळाली, शहरात सदनिका झाली, मुले इंग्रजी शाळेत गेली, की कालचा असंतुष्ट तरुण आजचा संतुष्ट गृहस्थ होतो. गावाकडून आलेल्या पोराला वसतिगृहाच्या अर्जावर सही हवी असते, आणि ह्याला वेळ नसतो. ज्या शिडीने आपण वर आलो तिची एक पायरी मोडलेली दिसत असताना जो ती दुरुस्त करीत नाही, त्याचे यश त्याच्यापाशीच संपते. स्वतःच्या दुःखाविषयीचा असंतोष निवल्यावर दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा असंतोष उरतो की नाही, ह्यावरून माणूस खरोखर वाढला की नुसताच श्रीमंत झाला, हे ओळखावे.

म्हणून वाचकहो, आपल्या मनातील असंतोषाची लाज बाळगू नका आणि त्याला मोकाटही सोडू नका. तो नेमका कशाविषयी आहे, हे आधी स्वतःस विचारा. दुसऱ्याच्या दागिन्याविषयी असेल, तर तो सोडून द्या. आपल्या अज्ञानाविषयी असेल, तर आजच रात्री दिव्याखाली बसा. अन्यायाविषयी असेल, तर एकट्याने चडफडत बसण्यापेक्षा चार माणसे गोळा करा, कागद नीट लिहा आणि दाद लागेपर्यंत मागे हटू नका. घरात दोन मुले असतील, तर दोघांच्याही शिक्षणाची वाट कशी निघेल ते पाहा. मुलगा आणि मुलगी असा भेद करू नका. आणि जे नोकरीस लागले आहेत, त्यांनी आपल्या गावच्या निदान एका मुलाचा प्रवेश, वसतिगृह व शिष्यवृत्ती ह्यांची जबाबदारी ह्या वर्षी पत्करावी. यंदाचा ऊसतोडीचा हंगाम सुरू होईल तेव्हा जालना जिल्ह्यातील एखादे जरी पोर फडावर जाण्याऐवजी वर्गात बसलेले राहिले, तर आपला असंतोष वाया गेला नाही असे आपणास खुशाल म्हणता येईल. परंतु त्या एका मुलावर संतुष्ट होऊ नका. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दाराशी जा.